नामावलीतली आपली माणसं

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरांमध्ये जी मुलं ऐंशीच्या दशकात वाढली, त्यांना एकमेकांची ओळख पटायला एक धून पुरते. पंडित रविशंकर आणि शहनाईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांनी दूरदर्शनसाठी बांधलेली ती सुरुवातीची धून. १९७६ साली दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं आणि तेव्हापासून ती आमच्या संध्याकाळींची मालकीण झाली. मैदानात खेळणारी मुलं ती ऐकून घराकडे पळायची. तिच्यामागोमाग घराघरांतून कुकरचा, बंगाली काकूंच्या शंखाचा आवाज यायचा. आम्ही भावंडं आता तीन शहरांत आहोत. कोणत्या मालिकेत काय घडलं यावर आमचं एकमत होत नाही, कथानकं पार विरघळून गेली आहेत. पण कुठल्या प्रसंगाला काय वाजत होतं, हे दादाला, मला आणि धाकटीला सारखंच आठवतं.

वसाहतीला नाव झाशीच्या राणीचं, पण मराठी घरं मोजकीच. तमिळ, बंगाली, पंजाबी, मल्याळी, गढवाली असा शेजार. एका अंगाला किडवई नगर, दुसऱ्या अंगाला नौरोजी नगर आणि सरोजिनी नगर. ओला नारळ आणि कढीलिंब हवा असला की आयएनए मार्केट. रिंगरोडवर मुद्रिका बस, आणि एम्स तर चालत जाण्याच्या अंतरावर. बाबा कृषी भवनात नोकरीला. आई पुण्याची, लग्न होऊन थेट या क्वार्टरात आली. तिला दिल्लीत सगळं मिळालं. मात्र कानावर सहज पडणारी मराठी मिळाली नाही. मुंबई दूरदर्शनवरचा ‘गजरा’ आम्हाला दिसायचा तो मे महिन्यात आजोळी गेलो तरच. दिल्ली केंद्रावर मराठी म्हणजे रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपटांत आपली पाळी येईल तेव्हा. ती पाळी आली की बाकीची मराठी घरंही आमच्याकडे जमायची, सतरंजी घातली जायची आणि चिवड्याचा डबा उघडायचा.

एरवी आई मराठी शोधायची ती नामावलीत. मालिका सुरू झाली की कणकेचे हात तसेच घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात यायची आणि पडद्यावरची नावं मोठ्यानं वाचायची. दिग्दर्शक, छायाचित्रण, संकलन, ध्वनी. आडनाव ओळखीचं निघालं की म्हणायची, “हे आपले.” मग आत. पुढची मालिका तिनं पाहिलीच असं नाही, पण नावं वाचल्याशिवाय ती हलली नाही. संगीतकाराचं नाव शेवटीशेवटी यायचं, त्यामुळे ते ऐकेपर्यंत शीर्षकगीत तिच्या कानात बसलेलं असायचं. आम्हाला ती सवय तिच्याकडून लागली. शेजारची मुलं नटांची नावं पाठ करायची, आम्ही संगीत देणाऱ्यांची.

‘हम लोग’ ७ जुलै १९८४ला सुरू झाली. तिचं संगीत अनिल विश्वास यांचं. ते मुंबईची सिनेसृष्टी सोडून १९६३मध्ये आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालक म्हणून दिल्लीला आले आणि पुढे साउथ एक्स्टेंशनमध्ये राहिले. म्हणजे आमच्यापासून मुद्रिकेनं अगदी जवळ. तलत मेहमूद आणि मुकेश यांना घडवणारा माणूस आपल्या शेजारच्या वस्तीत राहतो आणि एका निम्नमध्यमवर्गीय कुटुंबाच्या मालिकेला सूर देतो, याचं बाबांना फार अप्रूप होतं. बाबा तसे गाण्यातले नव्हते, पण ‘हम लोग’ लागली की पेपर बाजूला ठेवायचे.

त्याच वर्षीच्या ३१ ऑक्टोबरबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सकाळी सफदरजंग रोडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि इंदिरा गांधींना एम्समध्ये आणलं. दुपारपर्यंत आमच्या रस्त्यावरून माणसांचे लोंढे तिकडे निघाले होते. दूरदर्शनवर ही बातमी संध्याकाळी सलमा सुलतान यांनी दिली. वसाहतीला ती कितीतरी तास आधी कळली होती. त्याच संध्याकाळी एम्सच्या बाजूनं सुरू झालेला हिंसाचार आयएनए मार्केट, लक्ष्मीबाई नगर, सरोजिनी नगर, साउथ एक्स्टेंशन असा पसरला. शिखांना बसमधून, स्कूटरवरून ओढून मारहाण झाली, दुकानं पेटली. आमच्या जिन्यात वरच्या मजल्यावर एक शीख कुटुंब होतं. बीजी, त्यांचा मुलगा, सून, नात. बाबांनी त्यांच्या दारावरची पाटी काढून आमच्या माळ्यावर ठेवली आणि ते सगळे आमच्या आतल्या खोलीत आले.

पुढचे दिवस टीव्ही सतत चालू होता. तीन मूर्ती भवनात ठेवलेलं पार्थिव, पुढून सरकणारी रांग, आणि त्यावर भजनं, सारंगी. त्या सुरांच्या मधूनच तिथल्या गर्दीच्या घोषणा स्वच्छ ऐकू यायच्या, खुनाच्या बदल्यात खून मागणाऱ्या. घोषणा थांबली की पुन्हा भजन. आतल्या खोलीत बीजी पलंगाच्या कडेला बसून होत्या. बाबांनी उठून आवाजाचं बटण पूर्ण बंद केलं. चित्र तसंच राहिलं. नंतर ३ नोव्हेंबरला यमुनाकाठचे अंत्यसंस्कार आम्ही सर्वांनी, बीजींनीसुद्धा, एकही स्वर न ऐकता पाहिले. भजनाचा त्यात काही दोष नव्हता. गाणाऱ्यांचाही नव्हता. पण सूर कशाच्या शेजारी ठेवला जातो यावर तो काय होतो हे ठरतं, आणि ते त्या वयात आमच्यावर कायमचं कोरलं गेलं. धाकटीला अजूनही टीव्हीवरची संथ सारंगी सहन होत नाही. ती उठून जाते.

वर्ष-दोन वर्षांत वसाहत वरवर पूर्ववत झाली. ‘मालगुडी डेज’ आली. एल. वैद्यनाथन यांची ती नुसत्या गुणगुणण्यातून उभी राहिलेली धून आणि आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं. खालच्या मजल्यावरच्या तमिळ मामींना वाटायचं ती धून खास त्यांची, आणि खरं तर ती होतीच.

मग २५ जानेवारी १९८७पासून रविवारी सकाळी ‘रामायण’. त्या वेळी रस्ते ओस पडायचे हे सगळ्यांनी लिहिलं आहे, त्यामुळे तेच पुन्हा सांगत नाही. आमच्या घरात जे व्हायचं ते वेगळं होतं. आईचं रामायण आधीच ठरलेलं होतं. १ एप्रिल १९५५ला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची म्हणजे बाबूजींची चाल, आठवड्याला एक गीत, अशी एकूण ५६ गीतं. तिच्या गल्लीत ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या दारात लोक उदबत्ती लावून बसत, असं ती सांगायची. त्यामुळे रवींद्र जैन यांचा आवाज टीव्हीवरून एखादा प्रसंग सांगू लागला की आई मनातल्या मनात फडक्यांची चाल धरून बसायची. शबरी आली, सेतू बांधला, प्रत्येक ठिकाणी तिची मान नकारार्थी हलायची. “चांगलं आहे,” ती म्हणायची, “पण बाबूजींनी इथे थांबवलं असतं.” आम्हाला तेव्हा हे हट्टीपणाचं वाटायचं. आता वाटतं, तिच्याइतकं मन लावून त्या मालिकेचं संगीत आमच्या वसाहतीत कोणी ऐकलं नसेल.

तिचा विरोध मावळला तो १९८८-८९मध्ये, उत्तर रामायणात. गीतरामायणाची सुरुवातच मुळी कुश आणि लव रामासमोर रामकथा गातात तिथून होते. सगळी ५६ गीतं त्या एका प्रसंगाच्या पोटात आहेत. आणि आता तोच प्रसंग पडद्यावर येणार होता. अयोध्येचा दरबार भरला आहे, अरुण गोविल सिंहासनावर, आणि दोन मुलं गात गात सभेत उभी राहून ज्याची कथा त्यालाच ऐकवतात. गाणं लांबलचक. एरवी मालिकेत गाणं म्हणजे कथा थांबते, इथे गाणं हीच कथा आणि गाणं हाच आरोप. राजाच्या तोंडावर त्याच्या मुलांनी केलेला. कॅमेरा एकेका चेहऱ्यावर जातो आणि दरबार ऐकता ऐकता ओशाळत जातो. टीव्हीवर गाण्याचा इतका नेमका उपयोग मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही क्वचितच पाहिला. त्यात कुश झालेला मुलगा स्वप्नील जोशी आणि लव मयुरेश क्षेत्रमाडे. दोघंही मराठी. आईनं ती नावं वाचली होती. गाणं संपलं तेव्हा ती कणकेचे हात पदराला पुसत होती आणि पदर पिठानं माखला होता. त्या दिवशी तिनं फडक्यांचं नाव काढलं नाही. संध्याकाळी मात्र गीतरामायणाची कॅसेट लावली आणि पहिलं गीत आम्हा सगळ्यांना बसवून ऐकवलं. त्या दिवसापर्यंत गीतरामायण हे आम्हा मुलांसाठी आईचं गाणं होतं. त्या दिवशी ते आमचंही झालं, आणि त्याला कारण एक हिंदी मालिका.

तोवर ‘महाभारत’ही सुरू झालं होतं, २ ऑक्टोबर १९८८पासून. महेंद्र कपूर यांचा आवाज, हरीश भिमानींचा ‘समय’, आणि नितीश भारद्वाजचा कृष्ण. कृष्ण मराठी आहे हे शाळेत सांगण्यात दादाला कोण अभिमान होता! बासरीचा तो तुकडा वाजला की कृष्ण येणार हे समोरच्या घरातल्या आजोबांनाही कळायचं, आणि त्यांना तर दिसत नव्हतं. ते पडद्याकडे पाठ करून खुर्चीत बसायचे आणि सगळं महाभारत कानानं बघायचे. कोणता वीर आला, युद्ध सुरू झालं की संपलं, ते आमच्या आधी सांगायचे.

तो हिवाळा टीव्हीच्या बाबतीत फार श्रीमंत होता. नोव्हेंबरमध्ये ‘भारत एक खोज’ आली. श्याम बेनेगल यांच्या या मालिकेच्या शीर्षकाला वनराज भाटियांनी ऋग्वेदातलं नासदीय सूक्त घेतलं. सृष्टीच्या आधी काय होतं हे विचारणारं ते सूक्त समूहस्वरांत उठायचं आणि मग तेच हिंदीत यायचं. ते हिंदी वसंत देव यांचं. आई दारात उभी होतीच. “वसंत देव, हे आपले,” ती म्हणाली, आणि या वेळी आत गेली नाही. मराठी नाटकं हिंदीत नेणारे, ‘सारांश’च्या गीतांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले वसंत देव तिला ठाऊक होते. पुढे त्या मालिकेत शिवाजी महाराज आले ते नसीरुद्दीन शाहच्या रूपात, समोर ओम पुरींचा औरंगजेब.

आणि तोच नसीर गुलजारांच्या ‘मिर्झा गालिब’मध्ये गालिब. बल्लीमारान ही आमच्या शहरातली गल्ली. बाबा आम्हाला चांदनी चौकात नेत तेव्हा तिच्या तोंडाशी चष्म्यांची दुकानं दिसत. त्या गल्लीत गालिब राहत होता हे आम्हाला पुस्तकानं शिकवलं नाही, जगजित सिंग यांनी शिकवलं. त्यातला फकीर मला सर्वांत लक्षात आहे. गालिबची गझल तो गल्लीतून गात जातो आणि ती ज्याची आहे तो ऐकतो. कर्जात बुडालेल्या, मुलं गमावलेल्या माणसाच्या दारावरून त्याचंच काव्य भीक मागत फिरतं आहे. तिथे वाद्यं जवळजवळ नाहीत. प्रसंगाला काय वाटावं हे आम्हाला ओरडून सांगायची गुलजार आणि जगजित यांना गरज पडली नाही. हल्ली मालिकांमध्ये एका वाक्यावर पाच चेहरे दाखवतात आणि पाचही वेळा तोच ढोल आदळतो. ते पाहिलं की मला या फकिराची आठवण येते आणि राग येतो. शांतता वापरायला धीर लागतो, आणि तो धीर आपल्या दूरदर्शननं एकेकाळी दाखवला होता. गालिबच्या बायकोच्या भूमिकेत तन्वी आझमी होत्या, उषा किरण यांची मुलगी. हेही अर्थात आईनंच सांगितलं.

‘मिले सुर मेरा तुम्हारा’ त्याआधी, १५ ऑगस्ट १९८८ला. लाल किल्ल्यावरचं पंतप्रधानांचं भाषण संपलं आणि पडद्यावर धबधबा, त्यापुढे भीमसेन जोशी. भैरवीतला तो पहिला स्वर लागला तेव्हा बाबांनी आईला हाक मारली, “अगं, पंडितजी!” ती धावत आली. मग एकेक भाषा सुरू झाली. काश्मिरी, पंजाबी, सिंधी, उर्दू. तमिळ आली तेव्हा खालून मामींच्या घरातून आनंदाचा आवाज ऐकू आला. कन्नड, तेलुगू, मल्याळी. बंगाली आली, काकूंनी कोलकात्याची मेट्रो ओळखली. असमिया, ओडिया, गुजराती. मराठी येईना. आई उभ्याउभ्या अस्वस्थ. आणि अगदी शेवटी, गुजरातीनंतर, आली; तनुजा पडद्यावर दिसली आणि आईचा जीव भांड्यात पडला. त्यापाठोपाठ लताबाई. सुरुवात भीमसेनांची, शेवट लताबाईंचा. “बघ, सगळा देश आपण दोन्हीकडून धरलाय,” आई म्हणाली. चाल बसवणारे अशोक पत्की होते, लुई बँक्स यांच्या साथीनं, हे तिला मागाहून कळलं. त्या फितीवर नावं नव्हती आणि याचा तिला खरोखर त्रास झाला होता.

पुढे ते गाणं इतक्या वेळा लागलं की वसाहतीतल्या प्रत्येक मुलाला चौदाही भाषांतल्या ओळी यायला लागल्या. पावसाळ्याच्या सुट्टीत वीज गेली की जिन्यात बसून आम्ही ते म्हणायचो. बीजींची नात पंजाबी ओळ म्हणायची, मामींचा मुलगा तमिळ, आणि मराठी ओळीसाठी आमचं घर शेवटपर्यंत थांबायचं. कोणी हे ठरवून दिलं नव्हतं.

नव्वदच्या दशकात केबल आली, आम्ही कॉलेजात गेलो, आणि टीव्हीसमोर सगळ्यांनी मिळून बसणं हळूहळू संपलं. १९९९मध्ये अल्फा मराठी सुरू झालं. आईनं केबलवाल्याच्या मागे लागून ते चालू करून घेतलं. तो म्हणत होता, माताजी, इथे हे बघणारं कोण आहे? ‘आभाळमाया’ सुरू झाली. शब्द मंगेश कुळकर्णी यांचे, आवाज देवकी पंडित यांचा, संगीत अशोक पत्की. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिच्या पडद्यावर सगळी नामावली आपल्या माणसांची होती. मोठ्यानं वाचून दाखवायला घरात आम्ही कोणी नव्हतो, तरी ती वाचत होती, असं बाबा फोनवर सांगायचे.

आणि एक फिल्म राहिली, जी या सगळ्याच्या आधीपासून आमच्यात आहे. चिमण्यांची. मोठी बहीण धाकट्या भावाला ‘एक’ आणि ‘अनेक’ समजावते, जाळ्यात अडकलेल्या चिमण्या एकदम उडतात आणि जाळंच घेऊन जातात, मग उंदीर ते कुरतडतात. कार्यक्रमांच्या मध्ये जागा रिकामी राहिली की दूरदर्शन ती लावायचं. तिच्यावर नावं असतीलही, पण आमच्या घरात ती कोणी कधी वाचली नाहीत. आई यायच्या आत ती सुरू झालेली असायची.

आईबाबा निवृत्तीनंतर पुण्याला आले. काही वर्षांपूर्वी, २०१९च्या मे महिन्यात, पेपरात विजया मुळे गेल्याची बातमी आली. वय ९८. मुंबईत जन्मलेल्या, दिल्लीत फिल्म सोसायटीची चळवळ उभारणाऱ्या, एनसीईआरटीच्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्रात काम केलेल्या. आणि १९७४ची ‘एक अनेक और एकता’ ही फिल्म त्यांची. चिमण्यांची तीच. मी बसून बाकीची नावं शोधली आणि फोनवर आईला एकेक वाचून दाखवली. संगीत वसंत देसाई. गाणारी छोटी मुलगी साधना सरगम, आपल्या दाभोळची. चित्रं भीमसैन यांची. शब्द विनयचंद्र मौद्गल्य यांचे, दिल्लीत १९३९मध्ये गांधर्व महाविद्यालय काढणारे.

आई बराच वेळ ऐकत राहिली. मग विचारलं, “विजयाबाई राहायच्या कुठे?”

“दिल्लीतच. गेल्याही तिथेच.”

“मग आपण एकदा जाऊन आलो असतो की गं,” ती म्हणाली. “पोळ्या घेऊन गेले असते.” आणि मला सगळी नावं कागदावर लिहून पाठवायला सांगितली, मोठ्या अक्षरात. मौद्गल्य आपले का, असं मीच विचारलं. “ग्वाल्हेरचं गाणं, पलुस्करांची परंपरा. आपलेच. लिही.”